शाळेतली भिंत गावाच्या वेशीवर गेली

प्रश्न असा आहे: "आम्ही जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला राहायला जातोय. मुलगी सहावीत जाईल. ओळखीचे सगळे सांगतात, घर चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्येच (सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या हद्दीत) बघा. ते जे गाव सुचवतात त्याच्या शेजारच्याच गावात भाडं बरंच कमी आहे, पण तिथल्या शाळेला वेबसाइटवर दहापैकी तीन गुण आहेत आणि मुलं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. शाळांमधला वंशभेद १९५४ साली कोर्टाने संपवला असं आम्ही शिकलो होतो. मग दोन मैलांवरच्या दोन शाळा इतक्या वेगळ्या कशा? आणि आम्ही काय करावं?"

मी मूळची सांगलीची. २७ वर्षं न्यू जर्सीच्या सरकारी शाळांमध्ये गणित शिकवते आहे. पहिली अकरा वर्षं तुम्ही म्हणता तशा 'तीन गुणांच्या' गावात गेली, त्यानंतरची 'नऊ गुणांच्या' गावात. दोन शाळांमध्ये गाडीने बारा मिनिटांचं अंतर. उत्तर लांबणार आहे, कारण काय करावं हे सांगण्याआधी हे असं का झालं ते सांगावं लागेल.

थोडक्यात सांगायचं तर १९५४ च्या निकालाने एकाच गावातल्या गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळांमधली भिंत बेकायदा ठरवली. वीस वर्षांनी, १९७४ साली, त्याच सुप्रीम कोर्टाने दोन गावांमधल्या भिंतीला हात लावायला नकार दिला. तुम्हाला घर शोधताना जी दिसते आहे ती ही दुसरी भिंत. शाळेच्या पुस्तकात पहिलाच निकाल असतो, म्हणून तुमचा गोंधळ झाला. इथे जन्मलेल्या माझ्या विद्यार्थ्यांचाही होतो.

१९५४ चा तो निकाल ब्राउन खटल्याचा. ब्राउन खटला म्हटलं की कॅन्ससमधल्या टोपेका गावची एक लहान मुलगी सगळ्यांना आठवते. मला आठवते ती साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीतली बस. त्या काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) गोऱ्या मुलांसाठी शाळेच्या तीस बस होत्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. १९४७ साली तिथल्या पालकांनी एक बस मागितली. एकत्र शाळा मागितली नव्हती, फक्त बस. १९४९-५० मध्ये ही काउंटी गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च करत होती आणि कृष्णवर्णीय मुलामागे ४३. पालकांनी अर्जावर सह्या केल्या आणि त्याची किंमत मोजली. ज्यांच्या नावाने खटला उभा राहिला ते हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर काम करत होते, त्यांची नोकरी गेली. पत्नी इलायझा यांचीही गेली. लोकांना एकत्र आणणारे पाद्री जोसेफ डीलेन यांचं घर जळून खाक झालं. असे चार राज्यांतले खटले सुप्रीम कोर्टाने एकत्र ऐकले आणि राजधानी वॉशिंग्टनमधला पाचवा त्याच दिवशी निकालात काढला. १७ मे १९५४. नऊ न्यायाधीशांचं एकमत होतं. पालकांच्या बाजूने लढलेले वकील होते थर्गुड मार्शल. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं की वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात. इमारती आणि पगार सारखे केले तरी, केवळ रंगामुळे बाजूला बसवलेल्या मुलाच्या मनात कमीपणाची जी भावना रुजते ती भरून निघणं कठीण असतं. घरून आणलेल्या गोणपाटावर बाजूला बसवलेल्या भीमरावाची गोष्ट ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण कोर्टाने हुकूम दिला आणि मुदत दिली नाही. १९५५ च्या दुसऱ्या निकालात 'जाणीवपूर्वक वेगाने' अंमलबजावणी करा असे शब्द होते, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातला 'वेग' सोडून दिला. लिटल रॉकमध्ये १९५७ साली नऊ मुलांना शाळेत सोडायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवावी लागली, हे तुम्ही वाचलं असेल. त्याहून कमी माहीत असलेली आणि मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची आहे. फार्मव्हिल गावात १९५१ साली बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या शाळेत संप घडवून आणला होता. वर्ग अपुरे म्हणून मुलांना डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत बसवत, त्याविरुद्ध. तोच संप पुढे ब्राउन खटल्याचा भाग झाला. मुलं एकत्र बसवा असा कोर्टाचा अंतिम हुकूम आला तेव्हा, १९५९ साली, काउंटीने सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांना काहीही उरलं नाही. काहींना आईबापांनी दूरच्या नातेवाइकांकडे पाठवलं, काहींना चर्चच्या तळघरात कुणी कुणी शिकवलं, काही शेतावर कामाला लागली. १९६४ साली सुप्रीम कोर्टाने शाळा उघडायला लावेपर्यंत पाच वर्षं गेली. सात वर्षांचं मूल बारा वर्षांचं होईपर्यंत शाळेबाहेर. मी गणिताची शिक्षिका आहे. पहिली ते पाचवी कोरी असलेलं मूल समोर बसलं तर त्याला अपूर्णांक कुठून शिकवायला सुरुवात करायची, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ती मुलं आज सत्तरीत आहेत, त्यांची नातवंडं शाळेत आहेत.

निकालानंतर दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी जेमतेम दोन टक्के मुलं गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या शाळांत होती. मग दोन गोष्टी घडल्या. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या शाळांचा केंद्रीय निधी थांबवण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि १९६५ च्या शिक्षण कायद्याने हा निधी एवढा मोठा केला की तो गमावणं परवडेना. नंतर १९६८ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यू केंट काउंटीच्या खटल्यात कोर्टाने 'ज्याला जी शाळा हवी ती निवडा' ही पळवाट बंद केली. तिथे तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नव्हती. १९७१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराच्या खटल्यात मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवण्याला मान्यता मिळाली. १९८८ पर्यंत ते दोन टक्क्यांचं प्रमाण ४३ टक्क्यांवर गेलं.

"शाळा एकत्र करून काय साधलं?" असं इथले पालक मला विचारतात, आपले मराठी पालकसुद्धा. राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वाचनाच्या गुणांत १९७१ साली ३९ गुणांचं अंतर होतं. १९८८ साली ते १८ वर आलं. सतरा वर्षांत निम्म्याहून कमी. सगळं श्रेय एकत्र शाळांना देता येणार नाही. त्याच काळात गरिबी घटली, छोट्या मुलांसाठी सरकारी बालवाड्या आल्या, दवाखाने खुले झाले. पण हे अंतर जन्मजात आहे, संस्कारांचं आहे, असं म्हणणाऱ्याला मी हे दोन आकडे दाखवते. १९८८ नंतर ते अंतर त्याहून कमी कधीच झालं नाही, आणि शाळा परत वेगळ्या व्हायला लागल्या त्याही त्यानंतरच.

इथे एका नुकसानीबद्दल बोलायलाच हवं, कारण तिची आठवण फार कमी जण काढतात. शाळा एकत्र झाल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांची शाळा बंद झाली आणि मुलं गोऱ्यांच्या इमारतीत गेली. शिक्षक मात्र बरोबर गेले नाहीत. आपल्या मुलांना कृष्णवर्णीय बाईंनी शिकवावं हे गोऱ्या पालकांना चालणार नाही, असं धरून शाळा मंडळांनी त्या शिक्षकांना घरी पाठवलं. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत अंदाजे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. टोपेकात तर निकालाच्या आधीच, १९५३ च्या वसंतात, काही शिक्षिकांना तशी पत्रं गेली होती. यातल्या कित्येक जणी गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त शिकलेल्या होत्या. आपल्या विद्यापीठांत त्यांना घ्यावं लागू नये म्हणून दक्षिणेतली राज्यंच फी भरून त्यांना उत्तरेत पदव्युत्तर शिक्षणाला पाठवत. मुलांची घरं, त्यांच्या आज्या, त्यांच्या अडचणी ओळखणारी एक पूर्ण पिढी शाळेतून नाहीशी झाली. आज अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांत कृष्णवर्णीय सुमारे सहा टक्के आहेत, विद्यार्थ्यांत पंधरा. माझ्या सध्याच्या इमारतीत अशा एकच बाई आहेत. बढती नाकारून त्या वर्गात टिकून राहिल्या, आणि कुठल्याही मुलाचं बिनसलं की बाकीचे आम्ही त्यांच्याच दाराशी जातो.

आता त्या दुसऱ्या भिंतीकडे येऊ. डेट्रॉइट शहरात एक खरीखुरी भिंत आहे. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब, काँक्रीटची. १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण जागा कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून होती, म्हणून केंद्र सरकारची गृहकर्ज हमी देणारी संस्था, फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, हमी देईना. बिल्डरने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. ही संस्था १९३४ पासून काम करत होती. त्याच दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या जात होत्या. तिथे कर्ज देणं धोक्याचं, असा त्याचा अर्थ. युद्धानंतर लाखो गोऱ्या कुटुंबांनी सरकारी हमीच्या स्वस्त कर्जावर उपनगरांत घरं घेतली. ही दक्षिणेचीच गोष्ट आहे असं समजू नका. इथे न्यू जर्सीत, आजच्या विलिंगबरो गावात, लेविट या घरबांधणी कंपनीने १९५८ साली जाहीर केलं होतं की घरं फक्त गोऱ्यांना विकू. एका कृष्णवर्णीय लष्करी अधिकाऱ्याने खटला लढवला तेव्हा, १९६० साली, कंपनीला माघार घ्यावी लागली.

उपनगरं वसली, प्रत्येकाचा आपापला स्कूल डिस्ट्रिक्ट झाला. १९७० च्या सुमाराला डेट्रॉइट शहरात बहुतांश कृष्णवर्णीय मुलं आणि भोवतीच्या उपनगरांत बहुतांश गोरी मुलं अशी विभागणी झाली होती. शहराच्या आतल्या आत कितीही बस फिरवल्या तरी एकत्र बसवायला पुरेशी गोरी मुलं होती कुठे? म्हणून खालच्या कोर्टाने ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट योजनेत घ्यायला सांगितलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जुलै १९७४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्यांना यात ओढता येणार नाही. सीमा कुणी आखल्या, त्या सीमांच्या आत घर घ्यायला कुणाला मुभा होती आणि कुणाला नव्हती, हा प्रश्न बाजूला ठेवला गेला. थर्गुड मार्शल तोवर स्वतः त्या कोर्टावर न्यायाधीश झाले होते. त्यांनी विरोधी मत लिहिलं. आपल्या मोठ्या शहरांची एक गोरं आणि एक काळं अशी दोन शहरं होऊ देणं आज सोपं वाटेल, पण त्याचा लोकांना अखेर पश्चात्ताप होईल, असा त्याचा आशय होता. माझ्या मते गेल्या सत्तर वर्षांतला अमेरिकी शिक्षणावरचा सगळ्यात परिणामकारक निकाल हाच आहे, ब्राउनपेक्षाही.

त्याच्या एक वर्ष आधी पैशाचाही निकाल लागला होता. इथे शाळेचा साधारण निम्म्याला थोडा कमी खर्च स्थानिक करातून होतो, मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्समधून. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एजवूड या गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या वस्तीत घराच्या दर १०० डॉलर किमतीमागे १.०५ डॉलर शाळा कर होता. श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ८५ सेंट. म्हणजे गरीब लोक जास्त दराने कर भरत होते. तरी मुलामागे खर्च एजवूडमध्ये ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्समध्ये ५९४, कारण घरांच्या किमतीच वेगळ्या. पालक कोर्टात गेले आणि १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनीच हरले. देशाच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असं कोर्टाने म्हटलं. हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. मुलं सीमा ओलांडू शकत नाहीत आणि पैसाही ओलांडू शकत नाही.

बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या वस्तीतल्या शाळेत नेणाऱ्या बसवर झालेल्या दगडफेकीबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही; इथे ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यामुळेच लोक समजतात की प्रयत्न केला आणि फसला. शार्लटमध्ये तो जवळजवळ तीस वर्षं चालला. नव्वदच्या दशकात सुप्रीम कोर्टाने शाळा एकत्र करण्याच्या जुन्या हुकमांतून डिस्ट्रिक्टना मोकळं करायला सुरुवात केली, शार्लटही २००२ पासून वस्तीनिहाय शाळांकडे परतलं आणि काही वर्षांतच शाळा पुन्हा रंगाप्रमाणे वेगळ्या झाल्या. २००७ मध्ये सिअॅटल आणि लुइव्हिलच्या खटल्यांत कोर्टाने आणखी पुढे जाऊन, डिस्ट्रिक्टने स्वखुशीने मुलाचा वंश बघून शाळा ठरवणंही रोखलं. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार एक तृतीयांशाहून जास्त विद्यार्थी अशा शाळांत होते जिथे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक मुलं एकाच वंशाची आहेत.

न्यू जर्सीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण तुम्ही इथेच येणार आहात आणि इथली गोष्ट बरीचशी अभिमानाची आणि तितकीच लाजेची आहे. ब्राउनच्या दहा वर्षं आधी, १९४४ साली, ट्रेंटनमधल्या ग्लॅडिस हेजपेथ आणि बर्लीन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय आयांनी आपल्या मुलांना घराजवळची शाळा नाकारली म्हणून खटला जिंकला. १९४७ च्या राज्यघटनेत सरकारी शाळांतल्या वांशिक विभागणीवर स्पष्ट बंदी आली. प्रिन्स्टनने १९४८ मध्ये गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची प्राथमिक शाळा जोडून टाकली: खालचे वर्ग सगळ्यांचे एका इमारतीत, वरचे वर्ग सगळ्यांचे दुसऱ्या इमारतीत. आणि मॉरिस्टाउन! हे शहर आणि त्याला वेढून बसलेली मॉरिस टाउनशिप, दोघांची मुलं एकाच हायस्कुलात येत. श्रीमंत आणि गोऱ्या टाउनशिपला आपली मुलं काढून स्वतःचं हायस्कूल बांधायचं होतं. तसं झालं असतं तर शहराचं हायस्कूल हळूहळू एकाच रंगाचं झालं असतं. १९७१ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याच्या शिक्षण आयुक्तांना दोन्ही डिस्ट्रिक्ट एकत्र करण्याचा अधिकार आहे. ते एक झाले आणि आजही एकच आहेत. त्या मुलांबरोबर माझे विद्यार्थी गणिताच्या स्पर्धांत बसतात, आणि कुठल्याच रंगाच्या मुलाचं तिथे वाटोळं झालेलं नाही. डेट्रॉइटमध्ये अशक्य ठरवलं गेलेलं काम इथे तीन वर्षं आधी करून दाखवलेलं होतं.

पण मॉरिस एकटंच राहिलं. न्यू जर्सी एवढंसं राज्य, त्यात सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि मुलाने सहसा राहत्या गावाच्याच शाळेत जायचं हा कायदा. पैशाच्या बाबतीत मात्र राज्याच्या कोर्टाने चांगलं काम केलं. गरीब शहरांतल्या शाळांच्या पैशासाठी लढवल्या गेलेल्या अॅबट खटल्यांमुळे १९९० नंतर ३१ गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीचा खर्च मिळू लागला आणि १९९८ पासून तीन-चार वर्षांच्या मुलांना दर्जेदार बालवाडी. माझी पहिली शाळा त्यांतलीच. छत गळायचं थांबलं, प्रयोगशाळा आली, आणि बालवाडीतून आलेल्या मुलांमधला फरक मला सहावीतसुद्धा दिसायचा. त्यामुळे 'पैसे ओतून काही होत नाही' हे मी मान्य करत नाही. तरी तिथल्या मुलांना एकमेकांखेरीज कुणी भेटत नव्हतं. कॉलेजात गेलेला शेजारी किंवा इंटर्नशिप लावून देणारा मित्राचा बाप पैशाने विकत घेता येत नाही. २०१८ च्या १७ मे रोजी, ब्राउनची तारीख मुद्दाम साधून, राज्याविरुद्ध नवा खटला दाखल झाला. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टमध्ये विभागणी आहे आणि राज्याने ती दूर केलेली नाही हे मान्य केलं. संपूर्ण राज्याची व्यवस्थाच घटनाबाह्य आहे असं मात्र म्हटलं नाही.

समजा उद्या सीमा पुसल्या. तरी इमारतीच्या आत आणखी एक रेघ असते, आणि ती आम्ही शिक्षक आखतो. सातवीच्या शेवटी कोणत्या मुलाला आठवीत बीजगणिताच्या वर्गात घालायचं हे ठरतं. तिथे गेलेलं मूल बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोचतं, राहिलेलं सहसा पोचत नाही. 'नऊ गुणांच्या' शाळेतलं माझं तिसरं किंवा चौथं वर्ष असेल. वर्गात एक कृष्णवर्णीय मुलगा होता, वर्षभर नव्वदीच्या वर गुण. शिफारशीच्या यादीत त्याचं नाव साध्या वर्गात. विचारलं तर उत्तर मिळालं की त्याला झेपणार नाही, घरी मदत करायला कुणी नाही. त्याच यादीत त्याच्याहून कमी गुणांची तीन भारतीय मुलं वरच्या वर्गात होती, कारण त्यांच्या पालकांनी विनंतीचा फॉर्म भरून दिला होता. त्यातला एक फॉर्म मीच मराठीत समजावून दिला होता. त्या मुलाच्या आईला असा फॉर्म असतो हेच ठाऊक नव्हतं. ती परिचारिका, रात्रपाळी करणारी. मी फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीच्या कपड्यांतच शाळेत आली, फॉर्म भरला आणि मुलगा वरच्या वर्गात गेला. तो तिथे नीट टिकला. पण त्याच्या आधीच्या वर्षांतले असे किती माझ्या नजरेतून सुटले असतील, हा हिशोब मला अजून करता येत नाही. शिक्षेचंही तसंच. २०१३-१४ च्या सरकारी आकडेवारीत एकूण विद्यार्थ्यांत १५.५ टक्के असलेली कृष्णवर्णीय मुलं, निलंबित झालेल्यांत ३९ टक्के होती.

आता आपल्याबद्दल. आपली मुलं इथे चांगली चमकतात, आणि गप्पांमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "आपण शिक्षणाला महत्त्व देतो, ते देत नाहीत." प्रिन्स एडवर्डच्या संपाची आणि क्लॅरेंडनच्या बसची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला हे वाक्य बोलता येणार नाही. आपल्याला या देशाचं दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या हवेतच झाला. त्या दारातून आले ते बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर, पदव्या घेऊन आलेले. ज्यांच्या आजोबांना घरासाठी कर्जच मिळालं नाही त्यांच्या मुलांशी इंजिनिअरच्या मुलांची तुलना कशी करायची? घर ही इथली मुख्य बचत. २०२२ च्या पाहणीत, मालमत्तेप्रमाणे रांग लावली तर बरोबर मध्ये येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर होती आणि तशाच मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००.

मग तुम्ही काय करावं? मुलीला प्रयोगासाठी कुठेतरी टाका, असं मी सांगणार नाही. मीही माझ्या मुलाच्या वेळी घर बघताना शाळाच बघितली होती. पण त्या दहापैकी तीनचा अर्थ समजून घ्या. तो आकडा मुख्यतः मुलं परीक्षेत कुठल्या पातळीवर आहेत ते सांगतो, आणि ती पातळी बरीचशी घरच्या मिळकतीवर ठरते. शाळेने मुलाला किती पुढे नेलं हे त्यात फारसं दिसत नाही. नऊ गुणांच्या शाळेत मी वर्षभर काहीच शिकवलं नसतं तरी आकडा आठाच्या खाली आला नसता. आयांनी शिकवण्या लावल्याच असत्या.

दोन्ही टोकांच्या मध्ये असलेली, मिश्र वस्तीची गावं शोधा. मॉरिस आहे, माँटक्लेअर आहे, आणखीही आहेत. भाडं मधलं असतं आणि मुलीला वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मैत्रिणी मिळतात. शाळा आधी जाऊन बघा, सुट्टी लागण्यापूर्वी, मुलं असताना. मधल्या सुट्टीत जेवणाच्या हॉलमध्ये कोण कुणाबरोबर बसतं ते पाहा. आठवीच्या बीजगणिताच्या वर्गाच्या दारात उभ्या राहा आणि आत कोण बसलंय ते पाहा. एकत्र शाळेतली वेगळी शाळा तिथे लगेच दिसते. पाच वर्षांपूर्वीचे किती शिक्षक अजून आहेत, हे विचारा. हायस्कुलात गणिताचे वरचे वर्ग सगळे चालतात का, तेही विचारा. काही गरीब गावांत मुलं हुशार असूनही कॅल्क्युलसचा वर्गच नसतो, आणि असं असेल तर तुमची काळजी रास्त आहे.

राहायला आलात की बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या, म्हणजे गावाच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, सभांना जा. नागरिक नसलात तरी तिथे बोलता येतं. शाळांच्या हद्दी, वरच्या वर्गांचे निकष, शेजारच्या डिस्ट्रिक्टमधून मुलं घ्यायची की नाही, हे सगळं तिथे मंगळवारी-गुरुवारी रात्री आठ वाजता वीस-पंचवीस लोकांसमोर ठरतं. आपले लोक तिथे आपल्या मुलाच्या गणिताच्या वर्गासाठी येतात आणि तो विषय संपला की उठून जातात. तुम्ही थोडा वेळ बसा.

आणि आज संध्याकाळी करता येईल असं एक काम. राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट असतो. तुमच्या मनातल्या दोन्ही गावांच्या मिडल स्कूलचे अहवाल शेजारी उघडा. पातळीचा तक्ता सोडून वाढीचा तक्ता बघा; त्यात मुलाची तुलना आधीच्या वर्षी साधारण तेवढेच गुण असलेल्या मुलांशी केलेली असते. पन्नासच्या आसपासचा आकडा म्हणजे सर्वसाधारण प्रगती. तीन गुणांच्या शाळेत तो पन्नासच्या बराच वर दिसला, तर त्या शाळेत जाऊन सहावीच्या गणिताच्या शिक्षकांना नक्की भेटा.